चिमीने शीव ओलांडली

देवीशी माझं भांडण होतं, हे आधीच सांगून टाकते. हात जोडायचे, नारळही वाढवायचे, पण मनात धुसफूस चालूच. माझ्या चिमीचे पाय जन्मापासून लुळे. तान्ही असताना ती तापानं फणफणली, तेव्हा माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, गावदेवीपुढे बोलून बसले, "पोर वाचव. तिच्या पायांनी तुझ्या दारात येईल. तवर पोर गावची शीव ओलांडणार नाय." ताप उतरला. पाय मात्र आले नाहीत. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यांवर देवीला दिलेला शब्द कुणी मोडत नाही. चिमी शाळेच्या वयाची झाली, तरी तिनं शिवेपलीकडचं झाड पाहिलं नव्हतं.

दिवाळी सरली की नवरा आणि मी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचो. चिमी आबांपाशी राहायची. ते तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे, जीव लावायचे. पण मी परत आले की ती माझ्याकडे पाहुण्या बाईकडे बघावं तशी बघायची. ते बघणं सोसत नव्हतं. मग अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की अपंग मुलाला सरकार दर महिन्याला मदत देतं. ती मिळाली असती तर मला भट्टीवर जावं लागलं नसतं, पोरीजवळ राहता आलं असतं. पण त्यासाठी जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला समोर बघायला हवं, मग दाखला, मग मोखाड्याला तहसीलमध्ये अर्ज. म्हणजे शीव ओलांडणं आलंच.

त्या वर्षी होळीला आम्ही घरी आलो होतो आणि तपासणीचा वार त्याच आठवड्यात होता. आबांना सांगितलं तर ते गप्प राहिले. मला वाटलं, मानले. कसले मानतायत! सकाळी लुगड्याच्या झोळीत चिमीला पाठीशी बांधून निघाले, तर शिवेवर वाघदेवाच्या दगडापाशी आबा वाट अडवून बसलेले.

"आबा, उठा. जव्हारची जीप जाईल."

"बाय, माझा शब्द हाय देवीला. मोडला तं ती पोरीला नेईल," म्हणाले, आणि रडायलाच लागले.

ओरडले असते तर मीही तोंड सोडलं असतं, माझी जीभ काही कमी नाही. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला ओलांडून कशी जाणार? मटकन खाली बसले. म्हटलं, आई, मी थकले. आता तुझं तू बघ. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्याशी भांडले नाही.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक अनोळखी माणूस चढून आला. आबांच्याच वयाचा, डोक्यावर गाठोडं. ते त्यानं जमिनीवर टेकवलं नाही, खांद्यावरची घोंगडी अंथरून तिच्यावर ठेवलं. आत देवीचं सोंग होतं. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे मुखवटे तोंडावर बांधून नाचतात, त्या मुखवट्यांना सोंगं म्हणतात. ज्यानं ते बांधलं त्याच्या लोक पाया पडतात. आबांनीही जवानीत देवीचं सोंग नाचवलेलं. त्या माणसानं पाणी मागितलं, माझ्या हातचं पाणी पिता पिता आबांची सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, "तू सोंग नाचवलास ना? मंग देवीला पाय हायेत का रं? नुसतं तोंडच तं हाय. कोणाच्या पायांनी नाचते ती?"

"माझ्या," आबा म्हणाले.

"आन् गाव काय म्हणतं? तू नाचलास का देवी नाचली?"

त्यानं फडकं सोडून आम्हाला दर्शन दिलं. चिमीनं आपला हात पुढे केला, आणि देवीच्या कपाळीचं ओलं कुंकू तिच्या बोटांना लागलं. ती खिदळली. आबा उठले, डोक्याला आपलं फडकं बांधलं, म्हणाले, "दे तिला इकडं. देवीच आली शिवेवर." चिमीला खांद्यावर घेतलं आणि बोहाड्यात देवी टाकते ती पावलं टाकत, ठुमकत, शीव ओलांडून गेले! मी मागून रडत आणि हसत. जीप गेली असणार असंच धरून चाललो होतो. ती उभी होती. ड्रायव्हर पंक्चर झालेलं चाक बदलून नुकताच हात पुसत होता.

दाखला मिळाला. पुढे मोखाड्याला खेपा झाल्याच, कधी हा कागद नाही, कधी साहेब नाहीत. पण मंजुरी आली. त्या दिवाळीनंतर नवरा एकटाच भट्टीवर गेला. मी घरी राहिले. आता सकाळी डोळे उघडले की चिमी आधी मला हाक मारते. तो माणूस कोण, हे विचारायचं राहूनच गेलं. त्याच वर्षीच्या बोहाड्यात त्याला शोधलं, पण सगळीकडे मुखवटेच, त्यांच्याआड कोण ते कळेना. मी प्रत्येकाच्या पाया पडले. जिथं माझा जोर संपला, तिथून देवीनं हात धरला, एवढंच मला कळतं.

त्याच बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी आबांनी चिमीला खांद्यावरून देवीच्या दारात आणलं. भावकीतलं कुणीतरी बोललंच, "आबा, पोर चालत नाय आली. नवस कसा फिटला?"

आबांनी तिला अलगद पायरीवर बसवलं, घाम पुसला. "आली की चालत," म्हणाले, "हे काय, तिचं पाय दुखाय लागलंत." आणि स्वतःचे पाय चोळत तिच्याशेजारी बसले.