सातवीचा दाखला

गावानं मला वेशीवरच अडवलं. रस्त्याला आडवा बांबू, त्याला लाल चिंधी, आणि माझ्याच हाताखालून शिकून गेलेले दोन बाप्ये मला सांगतायत, की बाई, तुम्ही तालुक्यातून येता, आत सोडायचं न्हाय. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, अरे, शाळा आत आणि बाई बाहेर, मग मी काय या बांबूला शिकवू? पण गाव कोरोनाला घाबरलेलं होतं. घाबरलेल्या माणसांशी भांडून काही हाती लागत नाही हे मला कळत होतं, तरी मी भांडलेच.

शाळा म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या गावात, सातवीपर्यंतची. मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याच गळ्यात. मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि वरून हुकूम आला, मोबाइलवर शिकवा. हुकूम काढायला काय जातं? बहुतेक घरांत चांगला फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप मुंबईला.

मे महिन्यात हे बाप परतले. त्यांना वेगळं ठेवायला गावात मोकळी जागा एकच होती, आमची शाळा. बाकं बाहेर निघाली, वर्गांत अंथरुणं पडली. सातवीच्या वर्गात राहिला तो सातवीतल्याच एका मुलीचा बाप. मुंबईत कँटीनमध्ये कामाला होता. याच शाळेत सातवी झालेला, पुढे कुणी पाठवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, बाई, हितं फळा हाय, खडू हाय, फोन हाय. तुम्ही सांगा, मी लिवतो, पोरं बाहेर बसतील.

मी आधी हसले आणि मग तसंच केलं. शाळा वेशीला लागूनच. मी बांबूच्या अलीकडे स्कूटरवर बसून फोनवर गणित सांगायची. तो स्टँडवरचा फळा व्हरांड्यात ओढून त्यावर हे भलंमोठं लिहायचा, आणि पोरं मैदानाच्या पलीकडच्या कडेला लांब लांब बसून उतरवून घ्यायची. अपूर्णांकात तो हटकून चुकायचा. मग लेक तिकडून ओरडायची, "बाबा, आधी छेद सारखे करा." पोरं खिदळायची आणि तोही खिदळायचा. माझ्या तासाला ही कार्टी इतकी मन लावून कधी बसली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवाही वाटला.

तास संपला तरी तो फोन ठेवायचा नाही. त्याचा विषय एकच, मुलीची आठवी. आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात जावं लागतं आणि त्याच्या थोरल्या भावाला ते नको होतं. भावाची लेक पनवेलला दिली होती, तिला दिवस गेले होते, आणि बाळ सांभाळायला ही पुतणी आयती होती. घर भावाच्या नावावर, त्यामुळे आवाजही त्याचाच मोठा. मी हाय तवर त्याचं चालायचं न्हाय, असं हा म्हणायचा.

मग त्याला ताप आला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, लिहीत राहिला. फोनवर मला त्याचा खोकला ऐकू आला तेव्हा मीच आरोग्य केंद्रात कळवलं. अँब्युलन्स वेशीवर आली. तो चालत आला. बायको आणि मुलगी लांब उभ्या होत्या, जवळ जायला कुणी देत नव्हतं. चढता चढता तो थांबला आणि मला म्हणाला, "बाई, पोरीचा दाखला तुम्हीच हायस्कुलात पोचवा. भावाच्या हातात देऊ नका."

मी म्हटलं, असं काय बोलता, बरे होऊन या आणि तुम्हीच घेऊन जा. त्याला अलिबागला नेलं. आठवड्याभरात तो वारला. सगळं तिकडेच उरकलं, बायकोला तोंडही बघायला मिळालं नाही.

गाव लगेच बोलायला लागलं. बाईनं पोरं तिथं बसवली, बाईनं आजारी माणसाला उभं केलं. एकाही पोराला साधी शिंक आली नव्हती, पण ऐकतंय कोण? त्या घराकडे तर कुणी फिरकेना. मी घरी येऊन रडले, चिडले, पुन्हा रडले.

जूनमध्ये बांबू निघाला आणि मी दाखले लिहायला बसले. भाऊ ऑफिसात आला. म्हणाला, दाखला द्या, पोरीला पनवेलच्या शाळेत घालतो. ही युक्ती मला पाठ आहे. दाखला घरच्यांच्या हाती गेला की पोर आमच्या पटावरून उतरतं, आणि पुढे ते कुठल्या शाळेत गेलं की गेलंच नाही, हे बघायला कुणी जात नाही. मी साफ नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही तिच्या कोण लागता? मग मीही तोंड सोडलं. नको नको ते बोलले, आणि तो गेल्यावर मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तोंडाला आईच्या साडीच्या तुकड्याचा मास्क. बस म्हटलं तर बसली नाही.

"बाई, द्या तो दाखला. काका म्हनतो, नाय आणलास तर आयला न् तुला घरात ठेवनार न्हाय."

मी तिला समजावत राहिले. आईशी बोलते, सरपंचांकडे जाते, हायस्कुलात आजच नाव घालते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी काकाच्या हातात देऊ नका म्हनलं होतं," ती म्हणाली. "मंग माझ्या हातात द्या."

मला भावाचा राग आला, गावाचा आला, त्या गेलेल्या माणसाचाही आला. शेवटी मी दाखला तिच्या हातात दिला. तिनं तो सगळा वाचला, नीट घडी घातली, आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"बाई, आठवीला गणितात काय असतं?"

मी सांगायला लागले. घनमूळ असतं, बैजिक राशींचे अवयव असतात. ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि बाहेर काका मोटारसायकल चालू ठेवून थांबला होता.