नवमीची सवाष्ण

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला नीट सांगता येणार नाही. माणसांवर नव्हता, हे मात्र छातीठोकपणे सांगते. तीस वर्षं शाळेत शिकवलं. परीक्षेच्या वर्गात पाऊल टाकलं की कोणाच्या कंपासपेटीत चिठ्ठी आहे ते मला दारातूनच कळायचं, आणि त्याचा अभिमानही होता. मी निवृत्त झाले, पण ही नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाला वजन करू लागला की मी काटा बघते, रिक्षा वळली की रस्ता बघते. आजी म्हणायची, "बाय, देवान तुका मास्तरीण केल्यान ता बरा झाला. पोलीस केल्यान असता तर घरातल्यांकाच आत घातलंस असता."

आई-बाबा लवकर गेले, तेव्हा मला आणि सुहासला, म्हणजे माझ्या भावाला, आजीनेच वाढवलं. ती गेली त्याला आता दोन वर्षं होत आली. मुलुंडला सुहासच्या घरी, आजोबांच्या डोळ्यांदेखत, भरल्या कपाळाने गेली. शेवटचे आठ महिने ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं करायला रंजना यायची. गोवंडीहून सकाळी सातला येऊन संध्याकाळी जायची. बाई कामाला चोख होती, पण मला तिचा चोखपणाच खटकायचा. परक्या म्हातारीचं कोणी इतक्या मायेने का करेल, असं मी बोरिवलीहून फोनवर सुहासला विचारायचे. तो म्हणायचा, "ताई, यार, तू जरा शांत बस ना."

आजी गेली त्या दिवशी तिला शेवटची आंघोळ घालताना माझ्या लक्षात आलं की तिच्या पायात जोडवी नाहीत. सवाष्ण बाई, आणि रिकाम्या पायांनी चाललेली. माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले. रंजना भिंतीला टेकून रडत बसली होती. सगळ्या नातेवाइकांसमोर मी तिला म्हटलं, "जायच्या आधी तुझी बॅग उघडून दाखव." तिने डोळे पुसले आणि बॅग माझ्यासमोर उपडी केली. डबा, कंगवा, छत्री, डोकेदुखीच्या गोळ्या. बाकी काही नव्हतं. तिने एकेक वस्तू परत आत भरली आणि आजीचं तोंड न बघता निघून गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आधीच कुठेतरी लपवली असणार, असंच वाटलं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची पितृपक्षात अविधवा नवमी करतात. त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीचे पाय धुवायचे, तिची ओटी भरायची, तिला पोटभर जेवू घालायचं. पहिलं वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून गेल्या वर्षी केली नाही. यंदा पहिलीच, म्हणून सगळे मुलुंडला जमलो. माझी वहिनी मीनल पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, सगळं आजीच्या आवडीचं. सवाष्ण म्हणून खालच्या मजल्यावरच्या सावंत काकूंना महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं. गुरुजी येऊन बसले आणि साडेनऊला काकूंचा फोन आला. गावी त्यांचे दीर वारले होते. त्यांना सुतक.

घरची बाई चालत नाही, बाहेरचीच लागते. मीनल आणि मी मिळून अख्खी बिल्डिंग पालथी घातली. श्राद्धाचं जेवण म्हटलं की लोक दारातच अवघडतात. "आमच्यात नाही चालत हो," असं तीन घरांत ऐकलं. एकीने तर आतून आवाज येत असूनही दार उघडलं नाही. बाकीच्या ऑफिसला गेलेल्या. साडेबारा वाजून गेले. गुरुजींना पुढे अजून एक घर होतं, ते सारखे घड्याळ बघत होते.

खरी काळजी आजोबांची होती. वय शहाण्णव. डायबिटीसची गोळी त्यांनी सकाळीच घेतलेली, पण पोटात कपभर चहाशिवाय काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम जमला, बोटं थरथरू लागली. मीनलने साखरपाण्याचा पेला ओठांना लावला, तर त्यांनी तोंड फिरवलं. "सवाष्ण जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घोट उतरूचो नाय. पंचाहत्तर वर्सां तिणा माका जेवक वाढल्यान. एक दीस मी थांबान." सुहास त्यांच्यावर ओरडला, मग त्यांच्यापुढे रडला. ते ढिम्म हलले नाहीत. त्या घटकेला मला वाटलं, आजीच्या पाठोपाठ आज हेही जाणार, आणि तेही आमच्या हलगर्जीपणामुळे.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे कोनाड्यात आजीचे देव आहेत, मधोमध गावची सातेरी देवी. कित्येक वर्षांत मी मनापासून हात जोडले नव्हते. तेव्हाही मला प्रार्थना सुचली नाही. भांडल्यासारखीच म्हणाले, "आई सातेरी, आजी, कोण ऐकत असेल ते ऐका. माझ्याच्याने होत नाही. तुमची सवाष्ण तुम्हीच बघा." एवढंच. तिथून बाहेर येते तोच बेल वाजली.

दारात रंजना उभी. हातात डझनभर केळी. मला बघून तिचा चेहरा पडला, पण ती मागे फिरली नाही. म्हणाली, "मागच्या गल्लीत पेशंटकडे असते मी आता. आज त्यांना लेक घेऊन गेली, लवकर सुटले. म्हटलं आजोबांना बघून जावं."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला कोणीतरी बोलावलं आहे. मी वळून सुहासकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईशप्पथ ताई, माझ्याकडे नंबर पण नाही तिचा." आज नवमी आहे हे ठाऊकच नव्हतं, असं रंजना म्हणाली. मला तेही खरं वाटेना. मी विचारलं, "नवरा आहे ना गं तुझा?"

"आहे की. असून नसल्यासारखा, पण आहे."

गुरुजींनी गोत्र विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती संकोचून दाराकडे सरकली. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून बोलले, आवाज बारीक पण स्पष्ट. "हिणा माझ्या बायलेचा हगला-मुतला काढल्यान. हिका गोत्र कसला इचारतास? बसव तिका." गुरुजींनी पाट मांडायला सांगितलं.

पाय धुवायचा मान नातीचा, म्हणजे माझा. रंजना पाटावर बसली, मी परात घेऊन तिच्यासमोर. तिने साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि माझा हात तांब्यावरच थांबला. तिच्या पायांत आजीची जोडवी होती. ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. उजव्या पायातलं एका बाजूने चेपलेलं. लहानपणी माझ्याच हातून त्यावर वरवंटा पडला होता.

"ही आजीची आहेत," मी हळूच म्हटलं.

"हो." तिने पाय मागे घेतला नाही. "त्यांचे पाय सुजले तेव्हा साबण लावून मी काढली. डब्यात नको ठेवू म्हणाल्या, सवाष्णीचं लेणं आहे, तूच घाल. मी नाही म्हटलं तर रडायला लागल्या."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? बॅग उघड म्हणालात, मी उघडली." मग ती वाकली. "थांबा, काढून देते."

माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. कोणत्या दिवशी दिली? समोर कोण होतं? सुहासला का नाही सांगितलं? आजी तर सांगायला येणार नव्हती. पुरावा एकही नव्हता, ना तिच्या बाजूचा, ना माझ्या. समोर आजोबा घामाने भिजले होते आणि परातीत तिचे पाय, टाचा भेगाळलेल्या. गोवंडीहून इथे आणि इथून गोवंडीला आठ महिने तेच पाय आले-गेले होते, आणि मी, आजीची लाडकी नात, पंधरवड्यातून एकदा येत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

"राहू दे," मी म्हटलं. "पाय हलवू नकोस."

मी पाणी घातलं, पाय पुसले, हळद-कुंकू लावलं आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "अहो ताई, काय करताय," असं म्हणत तिने मला खांद्याला धरून उठवलं. ओटी भरली, पान वाढलं. रंजनाने वड्याचा पहिला घास घेतला आणि आजोबांनी मीनलच्या हातातून पेला ओढून घेऊन गटागटा साखरपाणी प्यायलं. नंतर दोन वडे आणि वाटीभर खीरही खाल्ली. साखरेचं नाव काढायची त्या दिवशी कोणाची हिंमत झाली नाही.

रंजना निघाली तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती. शेवटी म्हटलं, "माझं एवढं ऐकून घेतलंस, तरी आलीस."

"तुमच्यासाठी कुठे आले मी?" ती सरळ म्हणाली. "मी आजोबांसाठी आले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं, आणि ओटी सांभाळत ती उतरून गेली.

तिने जोडव्यांचं खरं सांगितलं की नाही, हे मला आजही सिद्ध करता येणार नाही, आणि मी तो नाद सोडला आहे. ती बरोबर त्या वेळेला कशी आली, याचाही मी शोध घेत नाही. रिक्षात बसल्यावर मी अजूनही रस्ता बघते. स्वभावाला औषध नसतं. पण त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा पुराव्यावाचून हात जोडले, आणि मला हलकं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं, देवाची कृपा व्हायची तर आपली लायकी तपासूनच होणार. तसं काही नसतं. त्या दिवशी ती आजोबांकडे निघाली होती, दार उघडायला तेवढी मी गेले होते.