नागनाथ भरतीत गेला

ताडकळसच्या बाजारात सुकट विकणाऱ्या सगुणाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण तिच्याइतकं त्याला भिणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरं नसेल. तिचा एकुलता एक नागनाथ रस्त्याच्या कामावर म्हणून कोकणात गेला आणि तिकडंच एका मासळी वाळवणाऱ्याकडं कामाला राहिला. महिन्याला त्याचं पत्र यायचं. शाळेतले दत्तराव मास्तर ते वाचून दाखवायचे आणि बाई पदराचं टोक चावत ऐकायची.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतरच्या पत्रानं मात्र तिची झोपच उडवली. पोरानं लिहिलं होतं, यंदा समुद्राचं पाणी गार पडेना, कोमटच राहिलंय. तारली, बांगडा ही मासळी किनारा सोडून खोलात निघून गेली. जवळच्या खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपले, मरून सडली. वासानं उभं राहवत नाही. वाळवायला काही उरलं नाही, म्हणून मालक आम्हाला पाणी ओसरलं की पार टोकाच्या खडकांवर जिवंत कालवं काढायला धाडतो.

टोकाला जाऊ नको, तडक घरी ये, असं बाईनं मास्तरांकडून लगेच उलट टपाली लिहवून घेतलं.

डिसेंबरात उत्तर आलं ते परक्या अक्षरातलं कार्ड. त्यात दोनच ओळी. ‘नागनाथ भरतीत गेला. सामान इथे आहे, येऊन न्यावे.’

पाकिस्तानशी लढाई सुरू होऊन तेव्हा दोन दिवस झाले होते आणि गावभर लष्कराच्या भरतीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. मास्तर दरसाल पोरांना भरती-ओहोटीचा धडा शिकवायचे. पण धडा पुस्तकातच राहिला. भल्या माणसानं छाती फुगवून सांगितलं, पोरगं मिल्ट्रीत गेलं! लोक तिला थांबून जयभीम घालायला लागले. बाईला मात्र लढाईची धास्ती बसली. रोज संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओपुढं ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. विमान शब्द कानावर आला की ती मास्तरांना काय झालं ते विचारायची. घरी आल्यावर घास उतरत नसे. समुद्राच्या तावडीतून तरी पोरगं सुटलं, एवढाच तिला आधार.

लढाई थांबली त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढच्या बाजाराला दवाखान्यातले नवे कंपाउंडर सुकट घ्यायला आले. ते मालवणकडचे. पोरगं भरतीत गेलंय, आता सुट्टी मिळेल, असं तिनं त्यांना आपणहून सांगितलं आणि कौतुकानं कार्ड पुढं केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पोरगं कुठं, काय काम करत होतं ते विचारलं. मग ते तिच्या पाटीशेजारी खालीच बसले.

“मावशी, समुद्राचं पाणी चढत येतं ना, त्याला आमच्याकडे भरती म्हणतात.”

बाईनं कार्ड माघारी घेतलं आणि पदराआड ठेवलं. इतके दिवस ती जीव मुठीत धरून लढाईला भ्याली होती, आणि पोरगं त्याच्या आधीच गेलं होतं.

“ते पाणी उतरतं बी म्हणं,” ती हळूच म्हणाली. “उतरल्यावर माघारी आणून सोडत न्हाई का वो?”