संगमेश्वर आप्पांची बिनढोलाची कॅसेट

घाटनांदूरला संगमेश्वर शेट्यांचं किराणा दुकान होतं, पण गल्ल्यावर बसायची त्यांची बायको दानम्मा. लग्नसराईत आप्पा घरी सापडायचेच नाहीत. ते 'गर्जना म्युझिकल पार्टी'त इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. ट्रॉलीवर जनरेटर, चारी बाजूंना भोंगे, मागे पार्टीचे मालक सुंदरराव ड्रमवर आणि पुढे चकचकीत शर्टातले आप्पा. त्यांनी तार ओढली की गल्लीतल्या घरांत फळीवरची भांडी वाजतात, असं लोक कौतुकाने सांगत. वीसेक वर्षं हे चाललं. कानांवर परिणाम व्हायचा तो झालाच. साखरेचा भाव सांगितला तरी आप्पा भांडतायत असं नव्या गिऱ्हाइकाला वाटे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात दिंद्रुडला एक वरात होती. नवरदेवाचे मित्र लई तयारीचे. "आप्पा, अजून वाढवा," म्हणत राहिले, आणि आप्पा वाढवत राहिले. वरात गावाबाहेरच्या मारुतीकडे वळली तिथं आसाराम धनगराने एका शेतात मेंढरं बसवली होती. दिवस मावळत होता. भोंगे शेताच्या बांधाशी आले आणि आप्पांनी नेमकी तेव्हाच आपली लांबलचक तान सुरू केली. मेंढरं भोवती लावलेली जाळी तुडवून बाहेर पडली आणि वाट फुटेल तिकडे पळाली. वरातीतल्या पोरांना हसू आवरेना. आप्पांना मात्र हसू आलं नाही. काठी घेऊन मेंढरांमागे धावणारा म्हातारा आसाराम त्यांना ट्रॉलीवरून दिसत होता.

सकाळी पार्टी परत निघाली तेव्हा आप्पा मागे राहिले. "मी येतो एसटीनं," म्हणाले आणि थेट शेतात गेले. आसारामची बायको सारजाबाई चूल पेटवत होती. तिने त्यांना शर्टावरूनच ओळखलं.

"दोन मेंढ्या अजून गावल्या न्हाईत," ती म्हणाली.

"त्याच हुडकायला आलोय," आप्पा म्हणाले.

दुपार होईपर्यंत आसाराम आणि आप्पा नाल्याकाठची बाभूळबनं पालथी घालत फिरले. मेंढ्या सापडल्या त्या एका विहिरीजवळ, सावलीत निवांत रवंथ करत. परत आल्यावर सारजाबाईने भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. तिचा राग गेला होता, पण प्रश्न राहिला होता.

"आप्पा, एवढ्या मोठ्यानं वाजवता कावून? समदे बहिरे हायत का?"

"लोकांना तसंच लागतं, बाई."

"अन् तुमाला?"

सरावासाठी ते एक साधी लाकडी गिटार जवळ बाळगत, बिनवायरची. ती आप्पांनी पिशवीतून काढली आणि मांडीवर घेतली. मेंढरं बिथरू नयेत म्हणून अगदी हळू बोटं फिरवली. एकही मेंढरू उठलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांना तारेवरून सरकणाऱ्या स्वतःच्या बोटाचा आवाज ऐकू आला. सारजाबाई भांडी घासता घासता काहीतरी गुणगुणत होती. नातवंडांना निजवायची चाल होती ती. आप्पांनी ती तारेवर पकडली. सारजाबाई थांबली, लाजली आणि मग जरा मोठ्याने म्हणू लागली. आसाराम भाकरी हातात तशीच धरून ऐकत बसला. त्या दुपारी आप्पांची एसटी चुकली आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी कॅसेट काढणार. एकट्याची."

त्या दिवसांत कॅसेटचा सुकाळ होता. भजनाच्या, लावणीच्या, नकलांच्या कॅसेटी पानटपरीवरसुद्धा टांगलेल्या असायच्या. त्यामुळे कॅसेट काढण्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून.

"बे संगू, ढोल न्हाई, भोंगे न्हाई," सुंदरराव म्हणाले, "मग त्यात हाय काय?"

"मी हाय की."

सुंदररावांनी कपाळाला हात लावला.

अंबाजोगाईला बबनराव म्हणून एकजण एका खोलीत रेकॉर्डिंग करायचे. खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या, पंखा बंद, मे महिना. आप्पांबरोबर दानम्मा आली होती. आजवर आप्पा घरी वाजवायला बसले की ती मधलं दार लावून घ्यायची. इथं लावायला मधलं दारच नव्हतं, म्हणून कोपऱ्यात पोत्यावर बसली. पहिली चाल सुरू झाली आणि बबनरावांनी हात वर केला.

"बांगड्या वाजतायत."

दानम्माने हात पदरात गुंडाळले आणि पुन्हा ऐकू लागली. सारजाबाईच्या चालीचा शेवटचा सूर विरायच्या आतच ती म्हणाली, "हे असं वाजवता येत होतं तुम्हाला?"

"येत होतं वाटतं," आप्पा म्हणाले.

"मग इतकी वर्षं काय केलं?"

बबनराव हसायला लागले आणि ते हसणंही टेपवर गेलं. ती चाल पुन्हा वाजवावी लागली. आप्पा खुशीतच होते, त्यांनी ती आधीपेक्षा छान वाजवली.

कॅसेट बाजारात आली आणि आठवडाभरात परत यायला लागली. आप्पांचं नाव वाचून लोकांनी दणदणाट असेल असं समजून ती विकत घेतली होती. "कॅसेट खराब हाय, आवाजच न्हाई," अशी तक्रार. घाटनांदूरच्या एका गिऱ्हाइकाने तर आप्पांच्याच दुकानात आणून दिली. दानम्माने ती गल्ल्याजवळच्या टेपमध्ये घातली, त्याला डाळीच्या पोत्यावर बसवलं आणि म्हणाली, "आता दोन मिनिटं गप बसा." तो पूर्ण बाजू संपेपर्यंत बसला. जाताना कॅसेट परत घेऊन गेला.

पुढे मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर ती पहाटे लागू लागली. रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरांना चहाबरोबर ती बरी वाटायची. कुणी सोलापूरला नेली, कुणी जालन्याला. आप्पांनी एक प्रत दिंद्रुडला स्वतः नेऊन दिली. आसारामकडे टेप नव्हता. मग गावातल्या सायकल दुकानात सगळ्यांनी मिळून ती ऐकली. स्वतःची चाल यंत्रातून येताना ऐकून सारजाबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली. "माझी चाल एवढी बरी हाय व्हय?" असं तिने दुकानदारालाच विचारलं.

दिवाळीनंतर सुंदररावांच्या मुलीचं, रोहिणीचं लग्न ठरलं. सुंदरराव दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले, बडीशेप चघळली. शेवटी म्हणाले, "वरातीला गर्जना हायच. पण अक्षता पडल्यावर, पंगतीआधी... तू ते तुझं हळूचं वाजवशील का?"

"ड्रम लागंल का?" आप्पांनी विचारलं.

"गप बे," सुंदरराव म्हणाले, आणि दोघं हसले.

लग्नात आप्पा मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. माईकही घेतला नाही. आधी पुढच्या बायका गप्प झाल्या, मग त्यांच्या मागच्या, मग सोयऱ्यांचं मानपानाचं बोलणंही थांबलं. नवरी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगून हसली. सुंदरराव खांबाला टेकून मांडीवर बोटांनी ताल धरून होते, कुणाला ऐकू जाणार नाही इतका बारीक. एक झालं, दुसरं झालं, लोक अजून मागत राहिले. आचारी झारा घेऊन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो मांडवात आला आणि म्हणाला, "पाहुणे, पुऱ्या गार झाल्या."

कुणीच उठलं नाही. आचाऱ्याने मग झारा बाजूला ठेवला आणि तोही तिथंच सतरंजीवर बसला.