कमरेइतकी रेघ

बळ ही देणगी आहे. बळ आवरणे ही साधना. पहिलीचे कौतुक चार लोकांत होते, दुसरीकडे सहसा कोणाची दृष्टीही जात नाही. भगीरथ वारघडे हे त्या दुसऱ्या वाटेचे साधक होते. त्यांच्या हयातीत मला ते कळले नाही.

वैशाखरे गावाच्या एका पाड्यावर त्यांचा जन्म झाला. तारुण्यात त्यांनी सिद्धगडाच्या उतारावरून गवताचे भारे वाहिले. आमच्या भागात भारा चढवायला कोणीही हात देतो. वाहायचा मात्र ज्याचा त्यानेच. पुढे आटगावजवळच्या एका टायरच्या गोदामात ते कामाला लागले आणि हीच रीत त्यांनी तेथे नेली. ट्रकचा टायर, सुमारे साठ किलोंचा, खांद्यावर घ्यायचा आणि चालू लागायचे. पहिल्याच वर्षी तो कलंडला. सावरताना मान पिरगळली, डावा हात बधिर झाला. उपचारांनी हात पुन्हा चालू लागला. शेवटची दोन बोटे मात्र बधिरच राहिली.

त्यानंतर त्यांनी टायर कधी खांद्यावर घेतला नाही. गुडघे वाकवून, कणा ताठ ठेवून ते तो उभा करीत आणि हलके लोटत नेत. फळीवर चढवताना दुसऱ्याला हाक मारीत, आणि तो येईपर्यंत स्वस्थ उभे राहत. भिंतीवर कमरेच्या उंचीला त्यांनी चुन्याची रेघ ओढली होती. ट्रकचे टायर त्या रेघेशी बसवलेल्या फळीवर, स्कूटरचे हलके टायर तिच्या वर. रोज लागणारे काहीही जमिनीलगत नाही.

शहापूरचा मंगेश तेथे रुजू झाला तेव्हा पस्तिशीचा होता, अंगाने भक्कम. "दादा टायर नेत नाय, लेकराला चालाय शिकवतो," असे तो म्हणे. सगळे हसत, भगीरथही हसत.

एके दुपारी मालाच्या दोन गाड्या एकदम आल्या. हाकेला कोणी मोकळे नव्हते. मंगेश खाली बसला आणि त्याने टायरच्या पोकळीत खांदा घातला. भगीरथांनी जवळचा वाफाळता चहाचा पेला घेतला, त्या दोन बोटांना टेकवला आणि तसाच धरून ठेवला. कातडी लाल झाली. चेहरा हलला नाही.

"चटका नाय लागत रे," ते म्हणाले. "नात झाली, मनस्वी. तिच्या गालाला हीच बोटं लावली. दगडाला लावल्यागत." मग टायरकडे बोट दाखवून, "भारा पाठीवर बसतो. ह्यो बसत नाय, फिरतो."

मंगेशने खांदा काढून घेतला. त्याने विचारले, "कुठून धरू, दादा?"

गेल्या माघात भगीरथ तापाने गेले. हे सारे मला मंगेशने दहाव्याला सांगितले; सांगताना त्याचा स्वर वर गेला नाही की खाली आला नाही. नंतर गोदामाच्या भिंतींना नवा रंग लागला, रेघ त्याखाली गेली. मंगेशने स्वतःच्या कमरेशी मापून ती पुन्हा ओढली.

ती रेघ आहे. तेथे ट्रकचा टायर आजही दोघे उचलतात.