जमा-नावे आणि म्हशींची पोटं

तुम्ही आमच्यात नवीन, म्हणून आधी एक विचारतो. आपण काढलेला फोटो चांगला की वाईट, हे कळायला विश्वास कुणावर ठेवायचा? बायकोवर? ती मान वर न करताच "बरा आलाय" म्हणते. गिऱ्हाइकावर? त्याला रंगाचा डबा लवकर हवा असतो. मोबाइलवर अंगठे दाखवणाऱ्यांवर? माझ्या मेहुण्याचा अंगठा तर फोटो उघडायच्या आधीच आला होता!

बेळगावजवळ पिरनवाडीत माझं रंगाचं दुकान. दहावीनंतर जे शिकलो ते शेडकार्डावरून, आणि फोटोग्राफी शिकलो ती माझ्या तिघा सोबत्यांची बोलणी खाऊन. दर रविवारी सकाळी शटर अर्धं वर करायचं, चहा मागवायचा आणि काउंटरवर फोटो मांडायचे. डोंगर, तळी, शेतं. आठ वर्षांत किस्से असे साठलेत, जसे माझ्या माळ्यावर रिकामे डबे.

यंदा तर आमचं पहिलं प्रदर्शन ठरलं. शाळेचा हॉल, आणि दारासमोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो. तो माझाच लागणार याची मला खात्री होती. पण त्याच्या आधीचं ऐका.

* * *

आठ वर्षांपूर्वी, पहिल्याच रविवारी प्रत्येकानं प्रत्येकाला "छान" म्हटलं. सुजाता मॅडम मूळच्या निपाणीच्या, बेळगावात त्यांचा दातांचा दवाखाना. त्या बोटं मोजत बसल्या होत्या.

"आप्पा, बावीस वेळा छान झालं. पेशंटचा दात मी असा तपासला तर?"

मी गल्ल्याखालून एक कोरी चोपडी काढली. प्रत्येक फोटोला एक पान. डावीकडे जमा, म्हणजे काय जमलं. उजवीकडे नावे, म्हणजे काय फसलं. नावेची बाजू कोरी सोडायची नाही. आणि ज्याचा फोटो, त्यानं सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं! आठवडाभर मी तोंड उघडा म्हणून सांगते. एक दिवस तरी बंद."

* * *

पहिला फटका मलाच. वैजनाथच्या डोंगराचा फोटो. हिरवा रंग मी मोबाइलवर जरा वाढवला होता. जरा म्हणजे, बराच! मॅडमनी नावे लिहिलं, "हिरवा फार." मला पटलं नाही. फोटो फ्रेम करून दुकानात टांगला.

दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक आलं. शेडकार्ड बाजूला सारलं आणि फोटोकडं बोट केलं.

"ह्यातलं एक लिटर द्या. गेटला मारतो."

फ्रेम त्याच दुपारी उतरवली.

* * *

आमचा बसवराज वीजखात्यात लाइनमन. घरी कन्नड, आमच्यात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. त्यानं माळरानाचा फोटो आणला. आभाळ सुंदर, पण मधून विजेच्या तारा गेलेल्या. मी उत्साहानं मोबाइलमध्ये घेतला, तारा पुसल्या, खांब पुसले आणि त्याच्यापुढं धरला.

"बघ, कसं मोकळं झालं!"

बसवराजचा चेहरा पडला. "अय्यो आप्पा! ती लाइन आम्ही भर पावसात ओढली. आता पलीकडच्या गावात दिवा कसा लागायचा?"

तारा परत आणल्या. जमेला लिहिलं, "तारा."

* * *

मॅडमचाही नंबर लागलाच. राकसकोपचं तळं, पण फोटोत पाणी डावीकडं कललेलं. परशराम अण्णा हिंडलग्याचा शेतकरी, मच्छे गावच्या कारखान्यात पाळी करून शेतीही बघतो. तो लई बोलत न्हाय. त्यानं फोटो बघितला आणि म्हणाला,

"मॅडम, लौकर थांबवा. सगळं पानी माझ्या रानात यायला लागलंय!"

नियमाप्रमाणे मॅडम गप्प होत्या. सगळ्यांचं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "क्लिप लावून सरळ करते."

* * *

आणि मग प्रदर्शनाच्या आधीचा रविवार. भिंत कुणाची, हे चोपडी बघून ठरायचं होतं. मी माझा फोटो पालथा ठेवला आणि मग एकदम उलटवला. "हिंडलग्याची पहाट!" सोनेरी उजेड, विरळ धुकं, म्हशींची रांग आणि लांब डावीकडं देवळाचा कळस.

बसवराजनं जमेला लिहिलं, "उजेड." मॅडमनी लिहिलं, "मांडणी." नावेला फक्त "उजवा कोपरा रिकामा." भिंत माझीच!

अण्णानं चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"आप्पा, म्हशी गावाकडं तोंड करून निघाल्यात."

मी गप्प. नियम माझाच.

"पोटं बघा, टम्म हायती. पहाटं म्हस रिकाम्या पोटानं भायेर पडतीया. आन् हे धुकं न्हवं, आप्पा. खुरांचा धुरळा हाय."

दोन वेळा ब्रश करतो म्हणणाऱ्या पेशंटकडं बघावं, तशा मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. बसवराज चहाच्या कपात हसत होता.

मी पेन मागून घेतलं आणि नावेच्या बाजूला माझ्याच हातानं लिहिलं, "संध्याकाळी साडेसहा."

अण्णानं पेन परत घेतलं. जमेला लिहिलं, "उजेड खरा." मग म्हणाला, "भिंतीवर ह्योच लावा. खाली येळ तेवढी खरी लिवा."

तसंच केलं. खाली ठळक लिहिलं, "हिंडलगा, संध्याकाळ." प्रदर्शनाला पहिले आले ते शाळेचे हेडमास्तर. खालचं न वाचताच म्हणाले,

"वा आप्पा! एवढ्या पहाटे उठलात?"

माझ्या पाठीमागं तिघं उभे.

"न्हाय सर," मी म्हटलं, "दुपारी झोपलो होतो, तिथनं उठलो."

* * *

आता ही चोपडी तुमच्याकडं. नवीन माणसानं लिहायची, ही आमची पद्धत. जमेच्या बाजूला हात सैल नको, नावेच्या बाजूला भीड नको. हिशेब खरा ठेवा, माझ्या पानावर तर जास्तच.