ताप येऊ नये म्हणून

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला तिची एक किडनी दिली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती जोगेश्वरीला राहते, मी नाहूरला. ऑपरेशननंतर फोनवर ती "कशी आहेस" असं विचारेनाशी झाली. थेट विचारते, "रिपोर्ट काय म्हणतोय?" शरीराने तिची किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते. त्यामुळे दुसऱ्याला चार दिवस झोपवून जाणारा ताप माझ्यापाशी येऊन नेमका कुठे थांबेल, ते कुणी सांगू शकत नाही.

पहिली काही वर्षं मी पावसाळा सांभाळायला शिकले. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, उघड्यावरचं खायचं नाही, गणपतीलाही कुणाकडे जायचं नाही. मग दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, डास कमी झाले, की मी सुटले. चार महिने कोंडून घ्यायचं आणि उरलेलं वर्ष माणसासारखं राहायचं, हा हिशेब मला जमला होता.

तो हिशेब हळूहळू मोडत गेला. ऑक्टोबर उलटला तरी पाऊस जाईना, डिसेंबरातही पंखा बंद करता येईना. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "सीझन वगैरे विसरा आता. डेंग्यूचे पेशंट मला वर्षभर दिसतात."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कूलर नाही, तुळस नाही, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे रोज पुसलेला, तरी मी घरभर फिरायचे. शेजारची बिल्डिंग पाडून तिथे पायासाठी भलामोठा खड्डा खणून ठेवला होता. नोव्हेंबरात तीन दिवस अवेळी पाऊस झाला आणि तो खड्डा भरला. आमच्या खिडकीतून ते हिरवट पाणी दिसायचं. मी सोसायटीत सांगितलं, वॉर्ड ऑफिसला फोन केले, मास्क लावून साइटवरच्या मुकादमालाही भेटून आले. तो म्हणाला, "पंप आला की काढतो ना मॅडम." पंप काही आला नाही. नवरा म्हणायचा, "अगं, सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. बस ना जरा." मी बसायचे आणि पुन्हा उठायचे.

त्याच दिवसांत ताईच्या मुलीचं लग्न होतं, दिंडोशीच्या एका हॉलमध्ये. ही भाची माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज मुद्दाम शिवून घेतला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"तू उद्या येऊ नकोस."

"म्हणजे?"

"मुलाकडचे दोघं तापाने झोपलेत. हॉलच्या मागे पाणी तुंबलंय. पाचशे माणसं येणार, त्यातलं कोण खोकत येईल कुणाला माहीत."

"ताई, मी मास्क लावेन. कोपऱ्यात उभी राहीन. अक्षता टाकून लगेच निघेन."

"हे बघ, माझ्याकडे एकच उरलीय. दुसऱ्यांदा द्यायला नाहीये."

मग मीच म्हटलं, "बरं. नाही येत."

लग्न मी मोबाइलवर पाहिलं. नवरा तिकडे गेला होता. मंगलाष्टकं मध्येच अडकायची, पुन्हा सुरू व्हायची. नवीन साडी नेसून मी फोन हातात धरून या खोलीतून त्या खोलीत जात होते. शेवटच्या 'सावधान'ला मी फोनच्या स्क्रीनवरच अक्षता टाकल्या आणि मग स्वतःच झाडू घेऊन त्या गोळा केल्या.

त्यानंतर पाचव्या दिवशी मला ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका आणि पाठ मोडल्यासारखी. डेंग्यू निघाला. लग्नाला गेलेल्यांपैकी कुणालाही काही झालं नव्हतं. मी तर कित्येक दिवस घराबाहेर पडलेच नव्हते. जो डास चावला तो जाळी लावलेल्या माझ्या घरातच चावला.

हॉस्पिटलमध्ये प्लेटलेट्स घसरत गेल्या. डॉक्टरबाईंनी एक गोळी काही दिवस बंद केली. "तापाशी लढायला शरीराला थोडी ताकद द्यायला हवी," त्या म्हणाल्या, "पण फार दिली तर ते किडनीवर उठेल." मी पडल्या पडल्या ऑपरेशनच्या जागेवर हात ठेवायचे. आतून काही कळतंय का, ते बघायचे. काही कळत नसे.

ताई आली तेव्हा तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पलंगाशेजारी उभी राहून ती म्हणाली, "मीच तुला येऊ दिलं नाही."

"बरं केलंस."

"काय बरं केलं? घरात बसूनही झालंच ना! निदान पोरीचं लग्न तरी बघितलं असतंस." मग ती रडली. नर्स आत आली तशी डोळे पुसून तिलाच विचारू लागली, "सिस्टर, इथे डास आहेत का हो?"

मी वाचले. किडनीही वाचली, पण किडनी कितपत काम करतेय ते दाखवणारं क्रिएटिनीन पूर्वीच्या आकड्यावर परत आलं नाही, जरा वरच राहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता हेच आपलं नॉर्मल समजायचं." शेजारच्या खड्ड्यात शेवटी काँक्रीट पडलं. मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीत आणखी एका पाडायच्या बिल्डिंगभोवती नवीन पत्रे ठोकलेले दिसले.

फेब्रुवारीत ताईकडे नव्या जोडप्याची पूजा होती. तिने बोलावलं तेव्हा मी नवऱ्याला विचारलंही नाही, रिक्षा केली. भाची दारात पाया पडायला वाकली. मी तिला जवळ घेण्याआधी विचारलं, "ताप, सर्दी काही नाही ना गं?" ती "नाही मावशी" म्हणाली आणि मग दोघींनाही हसू आवरेना. उकाडा एवढा होता की माणसं गॅलरीत येऊन वारा घेत होती. ताईने गरम शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस आता इथे. गप बस."

मी बसले. शिरा संपेपर्यंत बसले. मग उठून गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा पाहायला गेले, तर ताई माझ्याआधीच तिथे वाकलेली होती.